कोरडी खोली

आमच्या त्या खोलीत बोलायला बंदी होती, आणि म्हणूनच आमच्याकडे एवढे किस्से साचले, असं माझं ठाम मत आहे. आत जे जे तोंडावर यायचं ते गिळावं लागायचं. मग बाहेर पायरीवर आलं की सगळं एकदम फुटायचं! देठे आणि मी अजून कुणाच्या लग्नात भेटलो की पंगत उठते, खुर्च्या आवरणारे येतात, मांडव सुटायला लागतो, तरी आमचं संपत नाही. देठ्यांची बायको कपाळावर हात मारून घेते. म्हणते, "झालं! निघाली यांची पावडर!"

पावडर म्हणजे खरंच पावडर हो. पांढरीशुभ्र. लिथियम, बोरॉन आणि हायड्रोजन यांची. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका कॉलेजात, मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत, आम्ही तिघं या पावडरीच्या मागं हात धुऊन लागलो होतो. गुंजाळ सर आमचे गाइड. देठे आणि मी, सुमन तांबे, दोघं डेमॉन्स्ट्रेटर. सकाळी पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची आणि दुपारी आपलं पीएच.डी.चं काम.

काम काय, ते एकदाच सांगते, मग कटकट नको. घन पदार्थ म्हणजे दगडासारखा गप्प, असं आपल्याला शाळेत शिकवतात. सरांचं म्हणणं, तो बाहेरून गप्प! आत एकेका बोरॉनला चार-चार हायड्रोजन चिकटून बसलेत, आणि तो सगळा चौकडा जागच्या जागी गरगर फिरतोय. तो फिरतो म्हणूनच लिथियमचा बारका आयन मधून वाट काढत पळतो, आणि वीज वाहते. पदार्थ वितळवायचा नाही, पाण्यात विरघळवायचा नाही, कोरड्या ठणठणीत घनातून वीज!

"हे नगरला होणार?" असं ज्यानं विचारलं नाही तो माणूस मला अजून भेटायचाय.

*

गुंजाळ सर मूळचे शेवगाव तालुक्यातले, कोरडवाहू घरातले. शिकायला मुंबईला गेले आणि तिथल्याच एका मोठ्या प्रयोगशाळेत चिकटले. पण ही पावडर पडली महातहानलेली! हवेतलं पाणी शोषून घेते, फसफसते आणि तिचा लगदा होतो. समुद्राच्या हवेत सरांनी सकाळी बाटली उघडली की दुपारी लगदा. हवा कोरडी ठेवणारी काचेची पेटी होती तिथं, पण तिच्यासमोर मोठ्या लोकांची रांग. सरांचा नंबर काही लागायचा नाही.

वर्ष-दीड वर्ष लगदा पुसून झाल्यावर सर एक दिवस उठले आणि राजीनामा देऊन आले. त्यांच्या प्रमुखांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

"गुंजाळ, नगरला जाऊन काय करणार? काय आहे हो तिथं?"

"काही नाही साहेब," सर म्हणाले. "हवेतसुद्धा काही नाही. म्हणून तर चाललोय!"

*

नगरला आल्यावर सरांनी जिमखान्याची जुनी खोली मागून घेतली. वर पत्रा, दक्षिणेला भिंत, दुपारी आत भट्टी. कोणाला नको होती म्हणून मिळाली. पण आम्ही ती झाडली, फटी बुजवल्या, दाराला रबर लावलं, आणि प्राचार्यांचा तिच्यावर डोळा गेला. त्यांना टेबल टेनिसचं भारी वेड. कॉलेजचं नाव होणार ते टेबल टेनिसनं, पावडरीनं नव्हे, हे त्यांचं मत ते लपवायचेही नाहीत.

एकदा स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. "गुंजाळ, मला एक सांगा. घन म्हणजे स्थिर. आत सगळं फिरत असेल तर त्याला घन कशाला म्हणायचं?"

सर उठून उभे राहिले, अगदी शांत. "सर, आपलीच मीटिंग बघा ना. खुर्ची कोणी सोडत नाही. पण बसल्या जागी प्रत्येकाचं फिरणं चालूच असतं. वर्षानुवर्षं!"

स्टाफरूम फुटली हसून. प्राचार्य तेवढे हसले नाहीत. त्यांनी तिथंच जाहीर केलं की विद्यापीठाची माणसं उन्हाळ्यात येतील, या संशोधनात काही दम आहे का ते बघतील. नसेल तर खोली खाली करायची आणि टेबल टेनिसचं टेबल आत. म्हणजे खोलीबरोबर माझी आणि देठ्यांची पीएच.डी.सुद्धा गुंडाळलीच!

मी बाहेर येऊन सरांवर चिडले. "काय गरज होती हो असं बोलायची?"

सर खरोखरच विचारात पडले. म्हणाले, "का? उदाहरण चुकलं का?"

*

मुंबईसारखी काचेची पेटी आमच्याकडे नव्हती. मग सर म्हणाले, खोलीच पेटी करू. आणि नियम सुरू झाले. काय एकेक नियम!

आत पाण्याचा थेंब जाणार नाही. माठ, तांब्या, चहाचा कप, सगळं उंबऱ्याबाहेर. दारात खुंटीला टॉवेल, त्याला घाम पुसायचा, मगच पाय आत टाकायचा. तोंडावर चारपदरी फडकं, कारण श्वासात ओल असते. आणि त्याच कारणानं बोलायचं नाही. मी केस धुतले की मला तर ते वाळेपर्यंत प्रवेशच बंद! मी बाहेर पायरीवर उन्हात केस पसरून बसायची. सर काचेतून डोकावून हातानं विचारायचे, "वाळले का?" मी मान हलवायची, "अजून नाही." येणारी-जाणारी पोरं हे बघायची आणि काय समजायची देव जाणे!

देठ्यांचे हाल सगळ्यात जास्त. माणूस सावेडीहून स्कूटरवर निघाला की वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत यायचा, आणि इथं तोंडाला कुलूप. एकदा पावडर दाबून केलेली गोळी पहिल्यांदाच चीर न पडता साच्यातून निघाली. पुढं वाकलेल्या देठ्यांच्या तोंडचं फडकं घसरलं होतं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!" सरांनी काही न बोलता दाराकडं बोट दाखवलं. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "देठे, तुमच्या एका 'वा'ला माझी एक गोळी लागते. कौतुक परवडत नाही आपल्याला."

आमचा हा प्रकार कॉलेजभर गाजला. संस्कृत शिकवणारे एक प्राध्यापक होते, त्यांनी भर स्टाफरूममध्ये टोमणा मारला. "गुंजाळ, अहो आमच्या आजीचं सोवळंसुद्धा तुमच्यापुढं काहीच नाही!"

सर चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "फरक आहे सर. तुमच्या आजीच्या सोवळ्यात माणसं बाहेर राहायची. माझ्यात फक्त पाणी बाहेर."

तो विषय त्या स्टाफरूममध्ये परत निघाला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी दोन कप चहा प्याले आणि घाम पुसत पायरीवर अर्धा तास काढला.

*

आता काट्याची गोष्ट.

गोळी दोन चकत्यांच्या मध्ये धरायची, काचेच्या नळीत घालायची, पंपानं नळीतली हवा ओढत राहायची, आणि बाहेरून तापवत न्यायचं. वीज वाहते का ते मीटरचा काटा सांगणार. आठवडेच्या आठवडे तो काटा मेल्यासारखा पडून. आम्ही तिघं तोंड बांधून त्याच्याकडं टक लावून बसलेलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दरोडेखोर दबा धरून बसलेत.

एक दिवस सर वर्गावर होते. देठे एकटेच मीटरजवळ. मी बाहेर पायरीवर. आणि देठे दार उघडून बाहेर धावले! "तांबेबाई! हलला! थरथरतोय! नुसता नाचतोय काटा!"

सरांना वर्गातून बोलावून आणलं. सर आले, आत गेले, फडकं बांधलं, काट्याकडं बघितलं. मग कान लावून उभे राहिले. मग परत बाहेर आले आणि रस्त्याकडं बोट दाखवलं. लष्कराचे रणगाडे सरावाला निघाले होते. कॉलेजच्या मागच्या रस्त्यावरून खडखडत चालले होते, एकामागून एक. खोलीची फरशी हादरत होती.

"देठे," सर म्हणाले, "तुमचा रेणू डिझेलवर चालतो."

देठे चार दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत, म्हणजे बघा! पण त्याच महिन्यात, रस्ता मोकळा असताना, उकळत्या पाण्याच्या जरा वर तापमान गेलं, आणि काटा एका झटक्यात उठला. थरथरला नाही. सरळ उठला आणि वर जाऊन उभा राहिला. आम्ही धावत जाऊन रस्ता बघून आलो. एक बैलगाडीसुद्धा नव्हती! आत येऊन तापमान उतरवलं, काटा पडला. पुन्हा चढवलं, पुन्हा उठला.

देठ्यांनी स्वतःची मूठ तोंडात घातली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि सर त्यांना ढकलत दाराबाहेर नेत होते, कारण डोळ्यांचं पाणीसुद्धा पाणीच!

*

सरांच्या पुतण्याचं लग्न होतं शेवगावकडं. आम्ही दोघंही निघालो त्यांच्याबरोबर एसटीनं. गाडी खच्चून भरलेली. उभं राहायला जागा नाही, आणि त्यात कोणाचं गाठोडं, कोणाची कोंबडी. कंडक्टर मागच्या दारापासून पुढं निघाला, तिकिटं फाडत. मला वाटलं, हा काही पोचत नाही.

पण तो ओरडायला लागला, "जागा सोडू नका! कुनी जागा सोडायची न्हाई! नुसतं वळा! जाग्याव वळा!" आणि जो तो जागच्या जागी अंग वळवायला लागला. एक वळला की कंडक्टर एक पाऊल पुढं. दुसरा वळला की आणखी एक पाऊल. बघता बघता आमच्यापर्यंत पोचला की!

गुंजाळ सरांचा चेहरा फुलला. भर गाडीत ओरडले, "तांबेबाई! देठे! बघा! हाच! हाच आपला लिथियम!"

सगळी गाडी आमच्याकडं बघायला लागली. कंडक्टरनं सरांना खालीवर न्याहाळलं. "काय म्हन्ले?"

सरांना कुठलं भान! त्यांनी त्यालाच विचारलं, "समजा, एखादा ताठ उभा राहिला. वळलाच नाही. तर?"

"तर काय! मी हितंच. आन् पुढचे समदे फुकाट शेवगावला!"

"ऐकलंत?" सर आम्हाला म्हणाले. "फिरणं थांबलं की वहन थांबलं!"

कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर पंच आपटत म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या मास्तर. आधी तिकीट काढा. मंग मला काय म्हनायचं ते म्हना!"

तेव्हापासून आमच्या खोलीच्या दारावर खडूनं एकच वाक्य लिहिलेलं असायचं: जागा सोडू नका. प्राचार्यांना वाटायचं, ते त्यांच्यासाठी लिहिलंय. आम्ही काही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

*

काटा उठला हे खरं, पण आत चौकडे खरोखर फिरतात का, हे दाखवायला मोठ्या चुंबकाचं यंत्र लागतं. ते मुंबईला. आम्ही काचेची नळी वितळवून बंद करून नमुना पार्सलनं पाठवला. उत्तर आलं, "नमुना ओला आढळला. आपल्याकडे पुरेशी काळजी घेतली जात नसावी."

ओला! आमचा! त्यांनी तिथं समुद्राच्या हवेत नळी फोडून बघितली होती, आत काय आहे म्हणून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर म्हणाले, "पुन्हा पाठवू." मी म्हटलं, "पाठवू नाही. मी नेते."

नवी नळी फडक्यात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात ठेवली, डबा मांडीवर, आणि नगर ते मुंबई खिडकीशी बसून गेले. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "जेवत का नाही हो?"

तिथले यंत्रवाले गृहस्थ जरा घुश्शातच होते. म्हणाले, "ठेवून जा. कळवू."

"बसते," मी म्हटलं.

"वेळ लागेल."

"बसते."

"बाई, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"यंत्रावर आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी आलेख निघाला. उंच आणि अरुंद, जसा फिरणाऱ्या रेणूंचा यावा तसा. गृहस्थ कागद हातात धरून म्हणाले, "अहो, हे तर गरगर फिरतंय! कोणी केलं हे नगरला?"

"आम्ही," मी म्हटलं, आणि रिकामा डबा उचलून निघाले. बसमध्ये मात्र मी चक्क रडले. रागानं की आनंदानं, मला आजही सांगता यायचं नाही.

*

त्या वर्षी दुष्काळ होता, हे वेगळं सांगायला नको. नगरला नळाला पाणी कधी यायचं त्याचा भरवसा नव्हता. खडी फोडायच्या कामावर पोरंबाळं घेऊन माणसं बसलेली दिसायची, आणि त्याच रस्त्यानं आम्ही कॉलेजात जायचो, हवा कशी छान कोरडी आहे असं म्हणत! तोंडातून निघायचं आणि लाज वाटायची. पण खोटं कशाला बोलू, त्या कोरड्या हवेनंच आमच्या गोळ्या धडधाकट राहिल्या.

मी देवळाली प्रवऱ्याची. घरचा ऊस. पाटाचं पाणी त्या वर्षी नावालाच. सुटीला घरी गेले तर आण्णा, म्हणजे माझे वडील, जेवताना म्हणाले, "तुजं ते काय काम कुठवर आलं?"

मी बोलून गेले, "चाललंय आण्णा. आता कमिटी येईपर्यंत पाऊस नाही आला म्हणजे मिळवली."

आण्णांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "काय म्हन्लीस? पाऊस नगं? ऊसवाल्याच्या घरात जल्मलीस आन् पाऊस नगं म्हन्तीस?"

आई मध्ये पडली. मी समजावलं, दमट हवा, लगदा, कमिटी, टेबल टेनिस, सगळं. आण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ सुमे. श्रीरामपूरचं ठिकान तुज्यासाठी थांबलंय. पोरगा चांगला हाय. त्या कमिटीनं न्हाई म्हन्लं, तर मग माजं ऐकायचं. गुमान घरी यायचं. आन् व्हय म्हन्लं, तर मी तुला परत लग्नाचं इचारनार न्हाई. तूच सांग कधी करायचं ते."

"कबूल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हसत हसत माझ्याकडं आली. आण्णा मारुतीच्या देवळात गेले होते, तिनं मागून जाऊन ऐकलं. आण्णा हात जोडून म्हणत होते, "देवा, पाऊस पाड. लई पाड. फकस्त नगरात कॉलेजाच्या मागं एक पत्र्याची खोली हाय. तेवढी सोड!"

*

आणि कमिटी आली! ऐन वैशाखात, भर दुपारी. तीन माणसं, पण बोलणारा एकच. मोठे साहेब, कोट घातलेले, उन्हानं लालबुंद झालेले. प्राचार्य त्यांच्या मागं, हात बांधून. आण्णाही आलेले होते देवळालीहून. कोणाला काही न सांगता समोरच्या लिंबाखाली धोतर सावरून बसले होते. मला घेऊन जायची वेळ आलीच तर गाडी चुकायला नको, म्हणून!

शिपायानं तबकात पाण्याचे ग्लास आणले. आपल्याकडं आल्या माणसाला आधी पाणी, हा रिवाज. साहेबांनी ग्लास उचलला आणि तसेच आत निघाले. मी दारात आडवी झाले.

"साहेब, पाणी आत नाही चालत. इथंच प्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की ही कोण! प्राचार्य घाईनं म्हणाले, "तांबेबाई, अहो, साहेब आहेत ते!"

"साहेबांना चालतं सर. पावडरीला चालत नाही."

साहेबांनी ग्लास तबकात आपटला. "राहू द्या! मी इथं पाणी प्यायला आलेलो नाही!"

मग मी त्यांना टॉवेल दिला घाम पुसायला. आणि चारपदरी फडकं दिलं. "आता तोंड बांधा. आणि गोळी नळीत जाईपर्यंत बोलायचं नाही."

देठ्यांनी भिंतीकडं तोंड केलं. साहेबांनी फडकं बांधलं. काय करतात! आणि मी माझ्या हातानं गोळी दाबली, चकत्यांमध्ये धरली, नळीत घातली, नळी बंद केली, पंप सुरू केला. तेवढा वेळ ते साहेब त्या भट्टीत, कोटात, तोंड बांधून उभे. डोळ्यांतून मात्र ठिणग्या!

फडकं सोडल्या सोडल्या सुरू झाले. "गुंजाळ, मी तुमचा अहवाल वाचलाय. मुंबईचा आलेखही बघितला. चौकडे फिरत असतील, वीज वाहिली असेल, नाही म्हणत नाही. पण ती तुमच्या त्या फिरत्या चौकड्यांमुळं नाही! नमुन्यात ओल शिरलेली असणार. ओलसर पावडरीतून कोणाचीही वीज वाहते. असल्या ठिकाणी, असल्या खोलीत, दुसरं काय होणार?"

असल्या ठिकाणी! सर उत्तर द्यायला पुढं झाले. मी म्हटलं, "सर, थीसिस माझा आहे. मी बोलते."

तापवायला सुरुवात केली. खोलीत पंपाची धाप तेवढी ऐकू येत होती. पारा चढत गेला. पाणी उकळतं तिथवर आला, काटा पडलेलाच. साहेब हसले. पारा आणखी जरा वर गेला, आणि काटा उठला. सरळ, वर!

"ओल," साहेब म्हणाले.

"ओल असती तर गार असतानाच वाहिली असती आणि तापवल्यावर उडून गेली असती," मी म्हटलं. "हा तर तापल्यावर उठला." नळी गार होऊ दिली. काटा पडला. पुन्हा तापवलं. त्याच जागी, पुन्हा उठला.

"उडालेली ओल परत येऊन बसली असेल," साहेब म्हणाले. पण आवाज जरा उतरला होता.

तेव्हा माझं डोकं सणकलं. खडी फोडणारी माणसं आठवली, टँकरमागं धावणाऱ्या बायका आठवल्या, आणि हा माणूस मला सांगतोय, पाणी परत आलं! मी म्हटलं, "साहेब, पंप चालू आहे. गेलेलं पाणी परत येतं, हे तुम्ही मुंबईला सांगा. नगर जिल्ह्याला नका सांगू!"

प्राचार्य छताकडं बघायला लागले. साहेब खुर्ची ओढून मीटरसमोर बसले, कोट काढला, आणि म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा तापवलं. उठला.

"आता तापमान मी धरतो. पुन्हा."

त्यांच्या हातानं उठला, त्यांच्या हातानं पडला. ते थांबायलाच तयार नाहीत! दुपार कलली, पत्रा तडतडत होता, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दारातून घामाचा टॉवेल चार वेळा देऊन झाला. शेवटी त्यांनी काट्यावरची नजर न काढता सरांना विचारलं, "आणि ते चौकडे जागा न सोडता फिरतात म्हणता?"

"नुसते वळतात," सर म्हणाले.

साहेबांनी काटा आणखी एकदा उठवून बघितला. मग प्राचार्यांकडं वळले. "तुमचं ते टेबल टेनिस," ते म्हणाले, "व्हरांड्यात खेळा."

देठ्यांनी मूठ तोंडात घातली. मी दारातून लिंबाकडं बघितलं. आण्णा उठून उभे राहिले होते, माझ्या तोंडाकडं बघत. मी हसून मान डोलावली. आण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि एकटेच फाटकाकडं चालायला लागले.

साहेब खुर्चीवरून उठले. घसा खाकरला. ओठ पार सुकले होते त्यांचे.

"बाई," ते म्हणाले, "जरा पाणी मिळेल का?"

"मिळेल की साहेब," मी म्हटलं. "बाहेर!"